किती जुनं करू, बाई?

मैत्रिणींनो, तुमच्याही मांडणीवर नाव घातलेली भांडी असतीलच. लग्नात आलेली, बारशात आलेली, कुणाच्या वास्तुशांतीत मिळालेली. माझ्याकडे एक स्टीलचा डबा आहे. त्यावर माझ्या मामेसासूबाईंचं नाव आणि खाली १९८४ साल. त्यात मी रवा ठेवते. पण रवा काढताना दरवेळी मामेसासूबाई आठवतात, आणि तो डबा केवढ्याला पडला हे त्यांनी भर लग्नात चारचौघींत सांगितलं होतं, तेही आठवतं! नाव घातलेली वस्तू काही गप्प बसत नाही.

आज मात्र भांड्यांचं नाही, एका पेनाचं सांगायचं आहे. त्यावर माझ्या बाबांचं नाव होतं. तो पेन माझ्या हातून हरवला आणि तसाच दुसरा मी इंटरनेटवरून विकत घ्यायला गेले. फसले. पण ‘फसले’ एवढंच सांगून थांबले तर ते अर्धंच सांगितल्यासारखं होईल. म्हणून पहिल्यापासून सांगते.

बाबा शिक्षक होते. १९६२ साली त्यांची बदली सिरोंच्याला झाली. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. तेव्हा हा सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच होता, आणि सिरोंचा म्हणजे त्याचं अगदी दक्षिणेचं टोक. आलापल्लीच्या सागाच्या जंगलातून जायचं, पावसाळ्यात नाले भरले की वाट बंद. एकीकडे प्राणहिता, एकीकडे गोदावरी, आणि गावात मराठीइतकीच तेलुगू. वर्गातल्या निम्म्या पोरांना बाबांचं मराठी कळत नसे आणि बाबांना त्यांचं तेलुगू. तरी बाबा तिथे रमले. तिथल्या लाकूड डेपोतले एक कारकून त्यांचे स्नेही झाले. ते मूळचे राजमहेंद्रीकडचे. एकदा गावाहून येताना त्यांनी बाबांसाठी पेन आणला. रत्नम् पेन.

तुमच्यापैकी काहीजणींनी हे नाव ऐकलं नसेल. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम् यांनी १९३० नंतरच्या त्या स्वदेशीच्या काळात हे पेन हाताने घडवायला सुरुवात केली. १९३५ च्या जुलैमध्ये गांधीजींनी वर्ध्याहून त्यांना पत्र पाठवलं. पेन त्यांना ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत मिळाला होता, आणि परदेशी पेनाच्या जागी तो चांगला चालेल असं त्यांनी कळवलं होतं. वर्धा आम्हाला जवळचं, त्यामुळे बाबांना त्या पत्राचा अभिमान इतका की जणू ते त्यांनाच आलं होतं! शिवाय पेन गोदावरीकाठचा आणि शाळाही गोदावरीकाठची. ‘नदीनं शाई खाली नेली आणि पेन वर पाठवला,’ असं काहीतरी ते म्हणायचे. आम्हा मुलांना त्याचा अर्थ कधी लागला नाही.

पेन काळ्या एबोनाइटचा होता, म्हणजे कडक केलेल्या रबराचा. आत रबरी पिशवी नाही, पंप नाही. फिरकी उघडायची आणि मागच्या नळीत सरळ ड्रॉपरने शाई भरायची. रविवारी सकाळी बाबा जुना पेपर पसरून पेन धुवायला बसत. निब वेगळी, जीभ वेगळी, टोपण वेगळं. आम्हा दोघा भावंडांना बघायची परवानगी होती, हात लावायची नव्हती. नळीवर बाबांची आद्याक्षरं आणि आडनाव कोरलेलं, आणि त्या अक्षरांत पांढरा खडू भरलेला. त्या पेनाने त्यांनी किती पोरांचे दाखले लिहिले असतील, किती प्रगतिपुस्तकं! आणि शर्टाच्या खिशाला कायम निळा डाग. आईने त्या डागाला ताक लावून पाहिलं, लिंबू-मीठ लावून पाहिलं. शेवटी ती म्हणाली, “हा डागच यांची ओळख आहे, राहू द्या.”

१९९८ साली बाबा गेले. तेराव्यानंतर आईने पेन माझ्या हाती दिला. “भाऊ पुण्याला खोली करून राहतो, कुठे हरवेल. तू सांभाळ. त्याचं घर झालं की त्याला दे.” म्हणजे पेन माझा नव्हताच. माझ्याकडे ठेव होती.

आणि २००९ मध्ये तो मी हरवला. तेव्हा मी गडचिरोलीला शिक्षिका होते, घर चंद्रपूरला. शनिवारी शाळा सुटली की बस धरायची. त्या आठवड्यात वर्गात मुलांना शाईचा पेन दाखवावा असं मनात आलं म्हणून तो नेला होता. येताना मूलच्या स्टँडवर गाडी थांबली, मी चहाला उतरले. पर्सच्या बाहेरच्या कप्प्याची चेन उघडी राहिली होती. घरी येऊन पाहते तो पेन नाही! दुसऱ्या दिवशी परत मूलला गेले. चहावाल्याला विचारलं, कंट्रोलरला विचारलं, बाकांखाली वाकून पाहिलं. पेन गेला तो गेलाच.

त्याच रात्री भावाला फोन करायला हवा होता. केला नाही. म्हटलं, दिवाळीला समोर येईल तेव्हा सांगू. दिवाळीला तो आला आणि फराळ करता करता म्हणाला, “ताई, बाबांचा पेन आहे ना नीट?”

“आहे ना. कपाटात आहे.”

झालं! बाई, एवढं सोपं असतं ते. पुढच्या दिवाळीला तेच उत्तर जरा जास्त सहज आलं. अशा पंधरा दिवाळ्या गेल्या. त्याचं पुण्यात घर झालं, तरी ‘पुढच्या वेळी नेतो’ म्हणत राहिला आणि मी मनातल्या मनात सुटकेचा नि:श्वास टाकत राहिले. शाळेत मात्र फळ्यावर रोज सुविचार लिहीत होते!

२०२४ साली त्याच्या मुलीला, माझ्या भाचीला, शिक्षिकेची नोकरी लागली. आणि कुठे? तर गडचिरोली जिल्ह्यात! भावाचा फोन आला, आवाज भरून आलेला. “ताई, आता बाबांचा पेन तिला दे. हजर व्हायच्या आधी तुझ्या हातूनच दे.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमचे ‘हे’ घोरत होते आणि मी पांघरुणात मोबाइल घेऊन जुने पेन शोधत होते. काय सांगू, ते एक वेगळंच जगच निघालं! लोक जुने पेन जमवतात, दुरुस्त करतात, विकतात. त्यात जाणकार आणि सज्जन माणसं पुष्कळ आहेत, हे आधीच सांगते. पण तिथली भाषा आपल्याला नवी. ‘विंटेज’ म्हणजे जुनं असं आपण समजतो. विकणाऱ्याच्या मनात ते ‘जुन्यासारखं दिसणारं’ही असू शकतं. ‘फिफ्टीवनसारखा’ या शब्दातला ‘सारखा’ आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. पार्कर कंपनीचा ‘५१’ हा नावाजलेला पेन अमेरिकेत १९४१ साली बाजारात आला. निब झाकलेली, नुसतं टोक बाहेर. तसाच दिसणारा शांघायचा ‘हीरो ६१६’ आपल्याकडे किती घरांत होता आठवा! चांगला लिहायचा बिचारा, आणि त्याच्या अंगावर त्याचं स्वत:चं नाव असायचं. तो कधी पार्कर म्हणवून घेत नव्हता. त्याला पार्करच्या शेजारी बसवून मोघम शब्दांत विकणारी माणसंच असतात.

चौथ्या दिवशी मला हवा तो पेन दिसला. राजमहेंद्रीचा, एबोनाइटचा, फोटोत उन्हाने तपकिरी पडलेला, अगदी बाबांच्या पेनाला शेवटी आला होता तसा रंग. खाली लिहिलं होतं : साठच्या दशकातला, निवृत्त न्यायाधीशांच्या घरातून मिळालेला, निब चौदा कॅरेट सोन्याची, वापरलेला पण निर्दोष. किंमत ७,२०० रुपये. मी निरोप पाठवला, विकणाऱ्याने लगेच उत्तर दिलं. फार गोड बोलला. म्हणाला, साइटवरून कशाला घेता, सरळ माझ्या खात्यावर पाठवा, पाचशे कमी करतो. मला वाटलं, पाहा, मी किती छान घासाघीस केली! भिशीचे पैसे नुकतेच आले होते. ६,७०० रुपये पाठवून दिले.

पेन आला. हातात घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत. आता एकच गोष्ट उरली होती. नाव.

आमच्या चंद्रपूरला गोल बाजाराच्या बाजूला भांड्यांवर नावं घालून देणारे एक म्हातारे गृहस्थ बसतात. त्यांच्या वडिलांचं पेनांचं दुकान होतं, तेव्हा पेन विकत घेतला की त्यावर नाव कोरून देत. माझ्या सुनेच्या सगळ्या भांड्यांवर त्यांनीच नावं घातलीत. त्यांच्यासमोर पेन ठेवला, कागदावर बाबांची आद्याक्षरं आणि आडनाव लिहून दिलं, आणि जरा आवाज खाली करून म्हटलं, “मशीननं नको. हातानं कोरल्यासारखं पाहिजे. आणि ताजं वाटायला नको. खूप जुनं वाटलं पाहिजे.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “किती जुनं करू, बाई?”

मी गप्प. मग हळूच म्हणाले, “साठ सालाच्या आसपासचं.”

“होते जी. अक्षरायच्या कडा घासाव्या लागन. खडू मळका करून भरू. तुमच्या घरच्यालेच ओळखू येणार नाही.” असं म्हणत त्यांनी पेन उचलला, टोपण उघडलं, आणि ते हसायलाच लागले. “पण बाई, हा पेनच जुना नाही ना!”

मग त्यांनी मला जे दाखवलं ते तुम्हालाही सांगून ठेवते, कधी उपयोगी पडेल. एबोनाइट उजेडाने आणि ओलाव्याने काळ्याचा तपकिरी होतो. पण खराखुरा जुना पेन वर्षानुवर्षं टोपण लावून ठेवलेला असतो, म्हणून टोपणाखाली झाकलेला भाग काळाच राहतो. माझ्या पेनाचा तो भागही बाहेरच्या इतकाच तपकिरी होता. म्हणजे कुणीतरी पेन सुटा करून, भिजवून उन्हात ठेवला होता. (चंद्रपूरच्या मे महिन्यात असता तर एका दुपारीच म्हातारा झाला असता!) दुसरं, ड्रॉपरने शाई भरायच्या पेनाच्या आट्यांत जुनी शाई बसलेली असते, पाण्यात बुडवला की कितीतरी वेळ निळं पाणी सुटत राहतं. आम्ही वाटीभर पाण्यात तो ठेवला. पाणी स्वच्छच्या स्वच्छ. न्यायाधीशसाहेबांनी उभ्या जन्मात त्याने एक सहीसुद्धा केलेली नसावी! आट्यांच्या धारा कोऱ्या. आणि निब? त्यांच्या दुकानात लोहचुंबकाचा तुकडा होता, त्याला ती झटकन चिकटली. चिकटली म्हणजे सोनं नव्हे. नुसती चिकटली नाही म्हणून सोनंच, असं मात्र धरून चालू नका, कारण चुंबकाला न चिकटणारं पोलादही असतं.

मी संतापले. काय काय बोलले असेन कोण जाणे. त्यांनी पेन पुसला, माझ्यापुढे ठेवला आणि शांतपणे म्हणाले, “ज्यानं हे केलं त्यानं तुमचं अर्धं काम करूनच पाठवलं. उरलेलं अर्धं मी करून देऊ का?”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते. गिऱ्हाईक होते ना मी. पण मला तिथे बसवेना. पेन उचलला आणि घरी आले.

घरी येऊन पहिल्यांदा विकणाऱ्याला लांबलचक निरोप लिहिला. त्याचं उत्तर : जुन्या वस्तू आहे तशा विकल्या जातात, परत घेत नाही, आणि मी काही दुकानदार नाही, छंद म्हणून विकतो. आमच्या शेजारच्या वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, वर्णन करून विकलेला माल वर्णनाप्रमाणे असलाच पाहिजे, हे १९३० च्या माल विक्री कायद्यापासून आहे. ऑनलाइन व्यापाराचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम खाजगी माणसाने घरातली एखादी वस्तू विकली तर लागू होत नाहीत हे खरं. पण जो नेमाने, धंद्यासारखा विकतो त्याला ‘मी छंदी माणूस’ म्हणून सुटता येत नाही. याच्या नावावर तर वीस-पंचवीस पेन विकायला लावलेले होते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारता येतं, आणि आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विकणारा कुठल्याही गावचा असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. “पण पावती कुठाय तुमची?” त्यांनी विचारलं. पावती नव्हती. पाचशे रुपये वाचवायला मी ती सोडून दिली होती. जाहिरातीचा फोटो तेवढा मोबाइलमध्ये राहिला होता, आणि पैसे पाठवल्याची नोंद.

तरी मी तक्रार लिहायला बसले. चांगला फुलस्केप कागद घेतला. ‘सदर पेन मी पुढील कारणासाठी खरेदी केला,’ असं लिहिलं आणि हात थांबला. कोणत्या कारणासाठी? भावाला फसवण्यासाठी? ‘विक्रेत्याने नवी वस्तू जुनी भासवून मला दिली’ हे वाक्य मी लिहिणार, आणि त्यानंतर तीच वस्तू आणखी जुनी भासवून भाचीच्या हातात ठेवणार! ती ती खिशाला लावून शाळेत जाणार, पोरांना सांगणार की हा माझ्या आजोबांचा पेन. मुलं तिचं खरं मानणार.

कागद बाजूला ठेवला आणि भावाला फोन केला. पंधरा वर्षांपूर्वी जे दोन मिनिटांत सांगून झालं असतं, ते सांगायला अर्धा तास लागला. तो मध्ये एकदाही बोलला नाही. शेवटी म्हणाला, “हरवला ते ठीक आहे, ताई. पण दर दिवाळीला?” आणि फोन ठेवला.

आठ दिवस त्याचा फोन नाही. मी केला तर वहिनी घ्यायची, “बाहेर गेलेत” म्हणायची. ते आठ दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही.

मधल्या काळात विकणारा जरा नरमला. मी साइटवर तक्रार केल्यावर त्याचा निरोप आला, पेन परत पाठवा, पैसे देतो, पण तक्रार मागे घ्या. आमचे ‘हे’ म्हणाले, “घे आणि मोकळी हो.” व्यवहाराने तेच बरोबर होतं. मी त्याला एवढंच विचारलं, पुन्हा विकताना पेन नवा आहे असं लिहाल का? त्यावर उत्तर नाही. तेव्हा मी पेन पाठवला नाही. ६,७०० रुपये गेले. ‘हे’ अजूनही भाजी महाग झाली की त्या ६,७०० चा उल्लेख करतात! त्याची ती जाहिरात साइटने काढून टाकली खरी. पण महिन्याभराने दुसऱ्या नावाने तसाच पेन दिसला, मागे तोच फुलाफुलांचा टेबलक्लॉथ. या वेळी तो निवृत्त न्यायाधीशांचा नव्हता, डॉक्टरांचा होता.

तुम्हाला कधी असं काही जुनं घ्यायचं झालं, पेन म्हणा, घड्याळ म्हणा, नाहीतर पितळी समई, तर गोड बोलण्यावर जाऊ नका. टोपण काढून, सुटे भाग करून, उजेडात काढलेले फोटो मागा. ‘निब सोन्याची आहे का, कोणत्या सालचा, तडा आहे का’ हे लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. खरा माणूस ‘मला ठाऊक नाही’ असंही लिहून देतो. ते उत्तर मी तरी चांगलं मानीन. पार्सल उघडताना कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. आणि पैसे साइटच्या बाहेरून पाठवू नका. पाचशे रुपये कमी करणाऱ्याने माझी पावती काढून घेतली, हे मला फार उशिरा कळलं.

नवव्या दिवशी मी पुन्हा गोल बाजारात गेले. त्याच गृहस्थांसमोर तोच पेन ठेवला. कागदावर या वेळी माझं स्वत:चं नाव लिहून दिलं आणि खाली २०२४.

“मशीननं की हातानं?”

“मशीननं. चांगलं ठळक.”

त्यांनी डब्यावर घालतात तसं नाव घातलं, पांढरा खडू भरला आणि वीस रुपये घेतले.

भाची हजर व्हायला निघाली तेव्हा भाऊ तिला घेऊन चंद्रपूरला उतरला. माझ्याशी बेताचंच बोलत होता. जेवणं झाली. मी पेन भाचीच्या हातात दिला आणि सगळं तिच्यासमोर पुन्हा सांगितलं, आजोबांचा पेन कसा होता, तो कुठे हरवला, हा कुठून आला. ती म्हणाली, “आत्या, तपकिरी रंग मस्त आहे पण.” मी कॅमलची बाटली काढली, ड्रॉपर दिला, तिला शाई भरायला शिकवलं. भाऊ दाराशी उभा राहून बघत होता.

“गळतो का?” त्याने विचारलं.

“थोडा गळतो.”

तो आत आला, पेन हातात घेऊन उलटा-सुलटा करून पाहिला, माझ्या नावावर बोट फिरवलं. मग मुलीला म्हणाला, “खिशाला लावशील तेव्हा खाली फडक्याची घडी ठेव. बाबा ठेवायचे नाहीत.”